श्रद्धा घट्ट असेल तर सत्य शोधता येतं का?

घंटाळीकर
काल तलावपाळीवर मित्राशी वाजलं. तो म्हणे, "मी सत्यच शोधतोय, फक्त देव आहे हे धरून चालतो." मग शोधतोस काय, कपाळ? उत्तर आधी लिहायचं आणि गणित तिकडे वळवायचं! २१ सप्टेंबर १९९५ आठवा, गणपती दूध प्यायला तो दिवस. रांगेत आमच्या चाळीतले दोन इंजिनिअर होते, पृष्ठताणाने दूध चमच्यातून ओढलं जातं हे शिकलेले. पण चमच्याखाली वाकून बघायचं कुणालाच नव्हतं.

नेरुळची सून
रांगेत आम्हीही होतो, कळव्याला. मी सातवीत. आजी माळकरी, वारी न चुकवणारी. घरी आल्यावर तिने देव्हाऱ्यातला पितळी गणपती ताटलीत घेतला, दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि चमचा सोंडेला टेकवला. गुलाबी ओघळ सोंडेवरून पोटावर, पोटावरून ताटलीत. "पितो कुठला, सांडतंय," म्हणाली आणि मूर्ती धुऊन जागेवर ठेवली. आता सांगा, शोध कुणी घेतला? तुमच्या इंजिनिअरांनी?

पारसिकचा डोंगर
आजींना दंडवत. पण दूध कुठे जातं हे तपासायला त्यांची ना नव्हती, देवच आहे का हे तपासायला असती. खरी मेख तिथे आहे.

खारेगावचा मास्तर
मेख सगळ्यांचीच असते हो. विश्व प्रसरण पावतंय हे १९२७ मध्ये मांडणारा लमेत्र कॅथलिक पाद्री होता. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांना महास्फोटात, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीच्या बिग बँगमध्ये, निर्मात्याची खूण दिसली, तर ते लमेत्रलाच रुचलं नाही. उलट खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल धर्म न मानणारा. विश्वाला सुरुवातच नाही, ते कायम असंच, हा त्याचा 'स्थिर विश्वा'चा सिद्धांत. अवकाशात सगळीकडून येणारं प्रारण, म्हणजे महास्फोटाची उरलेली ऊब, १९६५ मध्ये सापडलं, बाकीचे बहुतेक महास्फोटाकडे वळले, हा शेवटपर्यंत वळला नाही. १९९३ मध्ये बर्बिज आणि आपल्या नारळीकरांबरोबर त्याने स्थिर विश्वाची सुधारित आवृत्ती मांडली. आणि नारळीकर म्हणजे फलज्योतिषाची रीतसर चाचणी घेणारा माणूस! हट्टाला गंध-टिळा लागतोच असं नाही.

घंटाळीकर
मास्तर, लमेत्र माझ्याच बाजूचा निघाला. समीकरणं मांडताना त्याने श्रद्धा बाहेर ठेवली, चपलांपाशी. आणि हॉईलने मत बदललं असतं तर फार तर सिद्धांत गेला असता. इथे माणसं जातात. आमच्या नात्यातला एक पोरगा आईच्या दहाव्याला कावळ्यासाठी ताटकळायला तयार नव्हता. दोन वर्षं झाली, मामा अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

नेरुळची सून
हे मात्र खरं. पण त्यात आडवं कोण आलं, देव की मामा?

घंटाळीकर
मामांना विचाराल तर देवच.

पारसिकचा डोंगर
ताई, नैवेद्य कोण खातं, हे आजींना विचारलंत का कधी?

नेरुळची सून
विचारलं होतं. "तुम्ही कार्टी खाता," म्हणाली. "देवाला नुसता दाखवायचा असतो."