मुंबईचा हेलपाटा कशाला?

बडोद्याहून बार्सिलोनाला मुंबईमार्गे जावं की अहमदाबादहून, असं विचारलंय. आम्ही बडोद्यातल्या मांजलपूरहून अहमदाबाद गाठलं. एक्सप्रेसवेनं काही वाटत नाही. पुढे दुबई किंवा दोह्याला एकदाच विमान बदलायचं. पण तिकीट सबंध प्रवासाचं एकच काढा. दोन वेगळी काढली आणि पहिलं विमान रखडलं, की दुसऱ्याचे पैसे बुडालेच समजा. स्पेनसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा, काढावा लागतो; त्यासाठी प्रवासातल्या आजारपणाचा विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

खाऊ म्हणून लीलो चिवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, खुशाल न्या. पेढे, तूप नको. युरोपीय संघात दुधाचे पदार्थ बाहेरून आणू देत नाहीत. सासूबाईंनी बॅगेच्या तळाशी कोंबलेला पेढ्यांचा डबा आम्ही विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या संपवला, ड्रायव्हरभाईंसकट!