ग्लुटेन बंद केल्यावर पाकिटामागचं वाचायला शिकताना: तुमचे अनुभव लिहा

माझ्या लेकीला गेल्या श्रावणात सिलिअ‍ॅक निघालं, म्हणजे गहू-जवातलं ग्लुटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला सोसत नाही. आधी रक्ताची टीटीजी तपासणी, मग एंडोस्कोपी, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गहू, जव, राय (गव्हासारखंच एक धान्य) आता आयुष्यभर बंद. पोळी बंद करणं एका दिवसात जमलं. वाण्याच्या दुकानात एकेक पाकीट उलटंपालटं करत उभं राहणं अजून संपलेलं नाही.

मैदा, रवा, दलिया, शेवया, सेमोलिना हे सगळं गहूच, एवढं मला ठाऊक होतं. ‘माल्ट’ म्हणजे बहुतेक वेळा जव, हे ठाऊक नव्हतं. कॉर्नफ्लेक्स मक्याचे, म्हणून तीन आठवडे निर्धास्त दिले आणि तिचं पोट दुखायचं थांबेना. आहारतज्ज्ञ बाईंनी खोकं घेऊन यायला सांगितलं आणि यादीत शेवटाकडे असलेल्या ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’वर बोट ठेवलं. त्या रात्री फडताळ पूर्ण रिकामं करून प्रत्येक डबा, प्रत्येक पाकीट वाचलं. दुधात घालायची माल्टची पावडरही त्यातच बाद झाली.

तुम्हाला कुठला शब्द कुठे सापडला, ते इथे सविस्तर लिहा. आम्ही नवखे आहोत, प्रत्येक शब्दाचा उपयोग होईल.

सदाशिव पेठेतून, एक सासूबाई

माझ्या सुनेला दोन वर्षांपूर्वी निघालं. तिचा तवा वेगळा, पोळपाट वेगळं, तरी हिमोग्लोबिन काही वर येईना. एक दिवस तिने भिंग घेऊन हिंगाची डबी वाचली. बांधानी हिंग म्हणजे नुसता हिंग नसतोच. आमच्या डबीवर पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं, मग डिंक, आणि हिंग त्यांच्या मागून. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे, म्हणजे डबीत हिंगापेक्षा पीठच जास्त. मला फार वाईट वाटलं हो. रोज माझ्याच हातानं तिच्या आमटीत पडत होतं. आता तांदळाच्या पिठातला हिंग आणतो. सांबार मसाला, लोणच्याचा मसाला, पापड, यांच्या पाकिटावर हिंग दिसला की त्यात कुठलं पीठ आहे हे कळल्याशिवाय घेत नाही.

आणि मेतकूट! त्यात डाळी-तांदळाबरोबर मूठभर गहू भाजून घालायची आपल्याकडे रीतच आहे. ती आजारी पडली की मी मऊ भात-मेतकूटच द्यायची. आता गहू वगळून घरी करते. घरगुती मेतकूट, थालिपिठाची भाजणी विकत घेणार असाल तर करणाऱ्या बाईंना थेट विचारा. पाकिटावर बरेचदा नाव आणि किंमत एवढंच असतं.

पिंपळे सौदागरहून

मी चौतिसाव्या वर्षी कळलेला रुग्ण. माझी पद्धत सांगतो. आधी घटकांच्या यादीखालची अ‍ॅलर्जीची ओळ बघायची. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे ग्लुटेन असलेली धान्यं तिथे वेगळी सांगावी लागतात. ओट्सही त्याच गटात धरलेत. ओट्समध्ये मुळात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, पण शेतापासून कारखान्यापर्यंत ते गव्हा-जवाच्या संगतीत असतात, म्हणून साधे ओट्स मी घेत नाही. ‘ग्लुटेन फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. ‘लो ग्लुटेन’ म्हणजे २० ते १००, ते आपल्यासाठी नाही. दोन्ही शब्द घाईत सारखेच वाटतात, जपून.

आणि पुढच्या बाजूवर विश्वास ठेवू नका. ‘नाचणी बिस्किटं’ असं मोठ्या अक्षरात, मागे पहिला घटक मैदा. मी ती ऑफिसात दोन महिने खाल्ली.

कर्वेनगर, शिकायला आलेली

सोया सॉस. बहुतेक बाटल्यांवर सोयाबीनच्या शेजारी गहू असतोच. गाडीवरचा शेजवान राईस सोडावा लागला, त्याचं अजून वाईट वाटतं. उलट ‘बकव्हीट’ बघून मी एक चांगलं पीठ परत ठेवलं होतं. ते कुट्टू निघालं, त्याचा गव्हाशी काहीही संबंध नाही.

अजून एक, घरात कुणाला शंका असेल तर तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. मी आधीच बंद केला होता, डॉक्टरांनी पुन्हा काही आठवडे खायला लावला. ते दिवस फार वाईट गेले.

धायरीहून

लेबल नसलेल्या वस्तूचं काय, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्ही भुसार बाजारातून ज्वारी आणायचो, निवडायचो, गिरणीत द्यायचो. ज्वारीत ग्लुटेन नाही, मग नवऱ्याला त्रास का? गिरणीवाले दादा गव्हावरच ज्वारी टाकायचे. आई उपवासाचं दळण वेगळं दळून आणायची, ते शास्त्र मला इतक्या वर्षांनी उपयोगी पडलं. पण खरं सांगते, आधी घाणाभर तांदूळ काढला तरी जात्यात पीठ राहतंच. शेवटी घरघंटी घेतली. तिच्यात गहू आजवर पडलेला नाही. बाजारच्या ज्वारीच्या पिठाच्या पाकिटावरही ‘गव्हाचे अंश असू शकतात’ लिहिलेलं असतं, ते याच कारणाने.

सिंहगड रोडवरून

नेहमीचंच पाकीटही दर वेळी वाचा. मुलाचे बटाट्याचे चिप्स वर्षभर चालत होते. नवी चव आली, पाकिटाचा रंग तोच, मसाल्यात गहू.

धागा सुरू करणारी

सगळं वहीत उतरवून घेतलंय. सासूबाई, मेतकुटाचं प्रमाण टाकाल का? लेकीला मऊ भात फार आवडतो. आणि धायरीच्या ताई, दिवाळीआधी चकलीची भाजणी तुमच्याकडे दळून मिळेल का? भाजून मी घरीच आणेन, तांदूळ, डाळी, धने-जिरे, दुसरं काही नाही. तुमची वेळ सांगा.