गिस्बर्नला जाऊन आलात? तुमचे अनुभव लिहा

न्यूझीलंडला येणारे आपले लोक ऑकलंड, रोटोरुआ, क्वीन्सटाउन असा फेरा मारून परत जातात. उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं गिस्बर्न राहूनच जातं, कारण ते वाटेत लागत नाही. ऑकलंडहून विमानाने तासभर. गाडीने निघालात तर वायोएका घळीतल्या वळणांसकट अख्खा दिवस धरायचा.

जगात सगळ्यात आधी सूर्य पाहणाऱ्या शहरांपैकी हे एक. जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास आम्ही वाइनुई किनाऱ्याच्या वाळूवर चादरी पांघरून बसलो होतो. सूर्याची कड पाण्यावर दिसली आणि आई उठून लाटेत गेली, ओंजळ भरून अर्घ्य दिलं. सर्फिंगची फळी घेऊन निघालेला एक मुलगा तिचं होईपर्यंत बाजूला उभा राहिला. तेव्हापासून मनात होतं की या गावाबद्दल सगळ्यांना लिहायला सांगावं. गेला असाल, राहिला असाल, तर सविस्तर लिहा. आलेले अनुभव खाली आहेत.

वेलिंग्टनहून, लेकीसोबत

सर्फिंग शिकायचं तर वाइकानाएचा किनारा. शहराला लागूनच आहे आणि लाट मऊ असते. वाइनुई आणि माकोरोरी सरावलेल्यांसाठी. भाड्याने मिळणारी फोमची फळी घ्या, वेटसूट घालायला दहा मिनिटं जातात ती धरून चला. पहिला तास मी नुसती पडत होते, नाकातोंडात खारं पाणी. मग शिकवणारी म्हणाली, "पायाकडे बघू नकोस, किनाऱ्याकडे बघ." पुढच्या लाटेवर मी उभी राहिले, तीन-चार सेकंद असतील. लेक किनाऱ्यावरून "आई!" म्हणून ओरडली ते अजून कानात आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा आणि उन्हाचं मलम दर दोन तासांनी लावा, तिथलं ऊन फार भाजतं.

मी शाळेत शिकवते

आमच्या शाळेचा गट काइटी टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या 'ते पोहो-ओ-राविरी' या मराएत गेला होता. मराए म्हणजे माओरींच्या, इथल्या मूळ लोकांच्या, एखाद्या कुळाचं एकत्र जमायचं ठिकाण. तिथे आपण होऊन आत शिरायचं नसतं. दारात थांबायचं. आतून एका बाईने लांब सुरात हाक घातली, आमच्या बाजूच्या बाईंनी तशीच साद दिली, मग आम्ही हळूहळू पुढे सरकलो. भाषणं झाली, प्रत्येक भाषणामागून गाणं. मग होंगी: नाकाला नाक, कपाळाला कपाळ, एकाच श्वासाची देवाणघेवाण. माझ्यासमोरच्या आजींनी डोळे मिटले होते, मीही मिटले.

सभागृहाबाहेर चपला काढल्या. ते घर म्हणजे पूर्वजाचं शरीरच मानतात: वरचं आढं कणा, वासे बरगड्या. 'पोहो' म्हणजे छाती. आपण राविरीच्या छातीशी बसलेलो असतो.

मग ओळख करून द्यायची. तिथे आधी स्वतःचं नाव सांगत नाहीत. माझा डोंगर अमुक, माझी नदी अमुक, माझी माणसं अमुक, आणि शेवटी मी. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, माझा डोंगर पांडवगड, माझी नदी कृष्णा, गाव वाई. वीस वर्षांत मला या देशात इतक्या नीट कुणी 'तू कुठली' असं विचारलं नव्हतं.

जेवणात हांगी होतं, खड्ड्यात तापलेल्या दगडांवर ठेवून, वरून माती टाकून शिजवलेलं. आमच्या गटातल्या अलिबागकराला पहिल्या घासाला पोपटी आठवली. शाकाहाऱ्यांनी आधी सांगून ठेवावं, कुमारा (तिथलं रताळं) आणि भोपळा वेगळा काढून देतात. आणि जेवणाच्या टेबलावर बसू नका, पिशवीही ठेवू नका.

निवृत्त इतिहास शिक्षक, मुलाकडे आलो होतो

ऑक्टोबर 1769 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन कुक न्यूझीलंडच्या भूमीवर पहिल्यांदा उतरला तो इथे, तुरांगानुई नदीच्या मुखाशी. पहिल्याच संध्याकाळी 'ते मारो' नावाचा माओरी माणूस गोळीने मारला गेला. दोन-तीन दिवसांत नऊजण गेले. कुकसोबत ताहितीहून आलेला तुपाइया होता, त्याची भाषा इथल्या लोकांना कळत होती. तरीही हे झालं. हवी ती रसद मिळाली नाही म्हणून कुकने या उपसागराचं नाव 'पॉव्हर्टी बे', दारिद्र्याचा उपसागर, असं ठेवलं. भोवती मका, संत्री, द्राक्षांचे मळे बघून हे नाव मला फार खुपलं. 2019 मध्ये तुरांगानुई-आ-किवा हे मूळ नाव अधिकृतपणे सोबत जोडलं गेलं. त्याच वर्षी ब्रिटिश उच्चायुक्तांनी इथे येऊन त्या मृत्यूंबद्दल खेद व्यक्त केला. काइटी टेकडीवरचा कुकचा पुतळाही हलवला. आपल्याकडच्या शाळांत कुकचं नाव धडाभर शिकवलं, 'ते मारो'चं नाव मी स्वतः कधी घेतलं नव्हतं.

हॅमिल्टनहून, दोन मुलांसह

रेरेचा नदीतला दगडी उतार चुकवू नका, सुमारे साठ मीटर, ट्यूब घेऊन घसरायचं. पाण्याच्या शुद्धतेचा फलक आधी वाचा, डोकं पाण्याखाली घालू नका. टाटापोउरीला ओहोटीच्या वेळी कंबरभर पाण्यात उभं राहून पाकट माशांना हाताने खाऊ घालता येतं. धाकट्याने माझा हात सोडला नाही, पण खाऊ त्यानेच घातला.

तिथे दोन वर्षं राहिले

फेब्रुवारी 2023 मध्ये गॅब्रिएल वादळ आलं तेव्हा मी तिथेच होते. रस्ते तुटले, फोन-इंटरनेट बंद, शहराला पाणी आणणारी मोठी नळवाहिनी फुटली. डोंगरावरच्या झाडतोडीचे ओंडके नद्यांतून वाहत येऊन किनाऱ्यावर साचले होते. पुण्यात आईला मी बरी आहे एवढं कळवायलाही दिवस गेले. जवळच्या मराएत मोठी पातेली चढली होती. मी नुसती विचारायला गेले, तर हातात सुरी दिली आणि बटाट्यांचं पोतं पुढ्यात ठेवलं. संध्याकाळपर्यंत सोलत बसले. निघताना एका मावशींनी दोन डबे भरून दिले, एक माझा, एक शेजारच्या म्हाताऱ्यांचा.