'दुय्यम संसर्ग' यातील 'दुय्यम' म्हणजे नेमके काय?

प्रश्न :
अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मी एका माहितीपत्रकाचा मराठी मजकूर लिहीत आहे. गंभीर इन्फ्लुएंझा किंवा कोविड झालेल्या रुग्णाला काही दिवसांनी जिवाणूंमुळे जो न्यूमोनिया होतो, त्याला डॉक्टर 'सेकंडरी बॅक्टेरियल इन्फेक्शन' म्हणतात. मराठीत त्याचे 'दुय्यम जिवाणुसंसर्ग' असे रूप वाचनात येते, म्हणून मीही तेच लिहिले. परंतु मसुदा वाचायला दिलेल्या एका बाईंनी 'दुय्यम आहे, म्हणजे फारसे काळजीचे नाही ना?' असे विचारले आणि तेव्हापासून हा शब्द मला खटकतो आहे. त्याऐवजी काय लिहावे?

प्रतिसाद १ :
त्या बाईंनी शब्दाचा रूढ अर्थच घेतला, त्यात त्यांची चूक नाही. 'दुय्यम' हा फारसीतून आलेला शब्द असून त्याचा मूळ अर्थ 'दुसरा' एवढाच आहे. मराठीत मात्र तो दर्जा दाखवू लागला. दुय्यम निबंधक, दुय्यम भूमिका, दुय्यम वागणूक या सर्व ठिकाणी 'खालचा', 'कमी महत्त्वाचा' हीच छटा आहे. वैद्यकातील 'सेकंडरी' दर्जा सांगत नाही, तर क्रम आणि कारण सांगतो: विषाणू आधी आला, जिवाणू मागाहून आले, आणि विषाणूने संरक्षण मोडून ठेवले म्हणूनच त्यांना फुप्फुसांत शिरता आले.

हा संसर्ग किती जीवघेणा असू शकतो, हे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीवरून दिसते. आपल्याकडे जुनी माणसे जिला 'मानमोडी' म्हणत, तीच ही साथ. मोरेन्स, टाउबेनबर्गर आणि फाउची या अमेरिकी संशोधकांनी २००८ मध्ये, त्या साथीत दगावलेल्या ५८ जणांच्या फुप्फुसांचे जतन केलेले नमुने पुन्हा तपासले आणि आठ हजारांहून अधिक शवविच्छेदनांच्या प्रसिद्ध नोंदीही अभ्यासल्या. एरवी नाकाघशात राहणाऱ्या जिवाणूंनी केलेला न्यूमोनिया बहुसंख्य मृत्यूंच्या मुळाशी होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ज्याने माणसे गेली त्यालाच 'दुय्यम' म्हणणे मला तरी सोसत नाही.

प्रतिसाद २ :
आणखी एक अडचण आहे. डेंग्यूच्या संदर्भात 'सेकंडरी इन्फेक्शन' म्हणजे त्याच रुग्णाला पुढे कधीतरी डेंग्यूच्याच वेगळ्या उपप्रकाराचा झालेला संसर्ग. साथरोगशास्त्रात 'सेकंडरी केस' म्हणजे पहिल्या रुग्णाकडून लागण झालेली दुसरी व्यक्ती. या तिन्हींना 'दुय्यम' लावले, तर वाचकाला अर्थ केवळ संदर्भावरून ओळखावा लागतो.

माझी सूचना 'अनुसंसर्ग' अशी आहे. अनुज, अनुगामी यांतला 'अनु' मागून येणे दाखवतो आणि त्यात कमीपणाची छटा येत नाही. दोन्ही संसर्ग एकाच वेळी आढळले, तर 'सहसंसर्ग' म्हणावे. रुग्णालयात दाखल होतानाच जिवाणू सापडणे आणि कृत्रिम श्वासोच्छ्वासाची नळी घातल्यावर दोन दिवस उलटून गेल्यानंतर नवा न्यूमोनिया होणे, यांत कारणीभूत जिवाणू आणि प्रतिजैविकांची निवड पुष्कळदा वेगळी असते. म्हणून हा भेद केवळ शब्दांचा नाही.

प्रतिसाद ३ :
'अनुसंसर्ग' परिभाषेच्या दृष्टीने चांगला आहे, पण रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या माणसाला तो कळणार नाही. जुना शब्द हवा असेल तर आयुर्वेदात 'उपद्रव' आहे. चरकसंहितेत त्याची व्याख्याच 'रोगोत्तरकालज', म्हणजे मूळ रोगानंतर उत्पन्न होणारा आणि त्या रोगाच्या आश्रयाने राहणारा, अशी केली आहे. कल्पना अगदी जवळची आहे. मात्र आजच्या मराठीत उपद्रव म्हणजे त्रास किंवा नासधूस, आणि वैद्यकीय अर्थानेही त्यात संसर्गाबरोबरच इतर सर्व गुंतागुंतीही येतात.

घरोघरी याला 'ताप उलटला' किंवा 'दुखणे उलटले' म्हणतात. इन्फ्लुएंझाच्या रुग्णाला दोन-चार दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप चढतो, छातीत दुखते, पिवळट किंवा गंजाच्या रंगाचा कफ पडू लागतो. हे चित्र त्या शब्दांत नेमके उतरते. परंतु उलटते ते तेच दुखणे, असा त्याचा अर्थ होतो. येथे दुसरेच दुखणे आलेले असते. विषाणूमुळे श्वासनलिकेचे अस्तर सोलवटते, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होतात, आणि न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू खाली उतरून फुप्फुसांत वाढतात. म्हणून पत्रकात पारिभाषिक शब्दाऐवजी सरळ 'मागाहून जडलेला जिवाणुसंसर्ग' लिहावे. रोग 'जडतो' हे मराठीला सहज आहे.

प्रतिसाद ४ :
नामाइतकेच क्रियापदही जपावे. 'विषाणुजन्य आजारात जिवाणुसंसर्ग होतो' असे लिहिले, तर प्रत्येकालाच तो होतो असे वाटेल आणि नातेवाईक प्रतिजैविकांचा आग्रह धरतील. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये सांगितले की, रुग्णालयात दाखल झालेल्या कोविडच्या रुग्णांपैकी केवळ ८ टक्क्यांना प्रतिजैविके लागतील असा जिवाणुसंसर्ग होता, आणि ती दिली गेली मात्र सुमारे ७५ टक्क्यांना. तेव्हा 'काही रुग्णांना होऊ शकतो' असेच लिहावे.

चुकीचे नाव एकदा बसले की हलत नाही, याचे उदाहरण याच विषयात आहे. १८९२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी एका जिवाणूला इन्फ्लुएंझाचे कारण मानले. खरा विषाणू माणसात सापडला तो १९३३ मध्ये. तरी त्या जिवाणूचे नाव अजून हिमोफिलस इन्फ्लुएंझी असेच आहे.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. मसुद्यातले वाक्य आता असे केले आहे: 'विषाणूमुळे फुप्फुसे दुबळी झाल्यावर काही रुग्णांना मागाहून जिवाणूंचा संसर्ग जडू शकतो; तो मूळ आजाराइतकाच, कधी कधी त्याहूनही गंभीर असतो, आणि त्याचे उपचार वेगळे असतात.' 'अनुसंसर्ग' हा शब्द डॉक्टरांसाठीच्या टिपणात वापरून पाहीन.

प्रतिसाद ३ :
'दुबळी' म्हटल्यावर जन्मजात अशक्तपणा वाटतो. 'फुप्फुसांना इजा झाल्यावर' असे लिहिलेत तर कारणही नेमके कळेल.