प्रतिसाद: सरोवराच्या गाळातील जीवाणू

गोड्या पाण्यातील जीवाणू जमिनीवरूनच वाहून आलेले असतात, म्हणून तेथे नवे औषध शोधण्यात अर्थ नाही, हा चर्चेत मांडलेला मुद्दा मला पटत नाही. अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या तळाच्या गाळातून मिळालेल्या मायक्रोमोनोस्पोरा या जीवाणूपासून शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठातील ब्रायन मर्फी यांच्या गटाने डायाझाक्विनोमायसिन वर्गातील संयुगे वेगळी केली आणि ती क्षयरोगाच्या जंतूवर प्रभावी ठरतात, असे २०१५ मध्ये दाखवून दिले. या वर्गातील पहिले रेणू जपानमध्ये १९८०च्या दशकातच स्ट्रेप्टोमायसिस या दुसऱ्या जीवाणूपासून मिळाले होते, हे खरे. पण क्षयाच्या जंतूला अल्प मात्रेत रोखणारी ही संयुगे चाचणीतील इतर जीवाणूंवर फारसा परिणाम करत नाहीत, हा निवडकपणा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण क्षयाचा उपचार सहसा अनेक महिने चालतो आणि तेवढा काळ व्यापक परिणामाची प्रतिजैविके घेतल्यास आतड्यातील उपकारक जीवाणूंचेही नुकसान होते. अर्थात, याच वर्गातील काही रेणू अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींनाही मारतात, तेव्हा निरोगी मानवी पेशींना त्यांचा किती अपाय होतो, याची तपासणी काटेकोरपणे व्हायलाच हवी.