टेक्सासचा नवा नकाशा: प्रायमरीत कुठल्या पक्षाची मतपत्रिका घ्यावी?

नमस्कार मंडळी, ऑस्टिनमधल्या किंवा टेक्सासमधल्या जाणकारांची मदत हवी आहे.

मी ऑस्टिनच्या आग्नेय भागात राहते. २०२४ मध्ये नागरिकत्व मिळालं आणि त्याच नोव्हेंबरात पहिलं मत दिलं. माझ्या मतदार कार्डावर अमेरिकी काँग्रेसच्या रकान्यात ३५ हा आकडा होता. हा मतदारसंघ म्हणजे आय-३५ हायवे धरून ऑस्टिनपासून सॅन अँटोनियोपर्यंत गेलेला चिंचोळा पट्टा. आता ३५ नंबर तेवढा राहिलाय, त्यात ऑस्टिनचं एक घरही उरलेलं नाही.

काँग्रेसच्या राज्यातल्या ३८ जागांपैकी २५ रिपब्लिकनांकडे होत्या. आणखी पाच मिळाव्यात म्हणून जनगणनेची वाट न बघता २०२५ च्या उन्हाळ्यात राज्याच्या विधिमंडळानं मतदारसंघांचा नकाशा बदलला. गणपूर्ती होऊ नये म्हणून डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून गेले, तरी ऑगस्टअखेर गव्हर्नरांची सही झालीच. नोव्हेंबरात एल पासोच्या फेडरल कोर्टानं मतदारांचा वंश बघून रेषा ओढल्याच्या मुद्द्यावर तो अडवला. ४ डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं त्या निकालाला स्थगिती दिली, म्हणजे २०२६ ला हाच नकाशा. निव्वळ पक्षाच्या फायद्यासाठी रेषा ओढल्या, ही तक्रार तर २०१९ च्या निकालापासून फेडरल कोर्टात चालतच नाही.

जुलैत मी कॅपिटॉलमधल्या, म्हणजे इथल्या विधानभवनातल्या, सुनावणीला गेले होते. बोलायचं म्हणून कागदावर चार मुद्दे लिहून नेले होते. पण तोवर नकाशाच जाहीर झालेला नव्हता! लोक आपापल्या वस्तीबद्दल पोटतिडकीनं बोलत होते आणि समोर दाखवायला एक रेषाही नव्हती. पुण्याला बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी प्रभाग रचनेवर दोनदा हरकत घेतलेली आहे, प्रारूप आराखडा हातात धरून, गल्लीचं नाव लिहून. त्यांनी विचारलं, "अगं, मग हरकत कशावर घ्यायची?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

आता माझी अडचण. प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनी ठरवायची निवडणूक, ३ मार्च २०२६ ला आहे. एकाच पक्षाचं वर्चस्व असलेल्या मतदारसंघात माझं घर गेलं, तर खरा निकाल त्या पक्षाच्या प्रायमरीतच लागणार. मग ज्या पक्षाला मी नोव्हेंबरात मत देणार नाही, त्याची मतपत्रिका मार्चमध्ये घेणं योग्य आहे का? नियमात बसतं का? मनाला पटत नाही, पण घरी बसणंही पटत नाही. आणि माझा नवा नंबर खात्रीनं कुठे कळेल?

प्रतिसाद:

ताई, नियमात बसतं. टेक्सासमध्ये मतदार नोंदणीत पक्ष नसतो, त्या दिवशी केंद्रावर सांगायचं. मात्र एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलंत की २६ मेच्या रनऑफला, म्हणजे पहिल्या दोघांतल्या फेरनिवडणुकीला, दुसऱ्या पक्षाकडे जाता येत नाही. कुणाला ५० टक्क्यांच्या वर मतं नसतील तर रनऑफ होतो, आणि तिथे फार थोडे लोक जातात, म्हणून ते लक्षात ठेवाच. नोव्हेंबरात मात्र तुम्ही पूर्ण मोकळ्या. कुठल्या प्रायमरीत गेलात याची नोंद राहते, मत कुणाला दिलं याची नाही.

नंबरासाठी काउंटीच्या (आपल्याकडचा जिल्हा) मतदार नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर स्वतःचं नाव शोधा. बातम्यांतल्या नकाशावर बोट ठेवून ठरवू नका, रेषा एखाद्या रस्त्याच्या मधूनही जाते. पत्ता बदलला असेल तर २ फेब्रुवारीच्या आत कळवा.

मी डॅलसजवळ राहतो. इथे जो पक्ष हमखास जिंकतो त्याच्याच प्रायमरीत मी गेल्या दोन निवडणुकांपासून जातो, कारण शाळांच्या पैशांबद्दल त्यांच्यातल्याच दोन उमेदवारांची मतं वेगळी होती. पहिल्यांदा मतपत्रिका मागताना जीभ अडखळली होती. ऑस्टिनमध्ये तुम्ही ३७ मध्ये आलात तर गणित उलटं असेल, तिथे डेमोक्रॅटांची मतं एकत्र कोंबली आहेत, म्हणजे खरा निकाल त्यांच्या प्रायमरीत. म्हणून आधी नंबर बघा, मग ठरवा. कळला की इथे लिहा, उमेदवारांबद्दल सविस्तर बोलू.