सरपंच आणि दूध संस्थेचा चेअरमन एकच माणूस असावा का?

करवीरकर:
आमच्या गावात सरपंच आणि दूध संस्थेचे चेअरमन एकच आहेत. माणूस कष्टाळू, त्याबद्दल शब्द नाही. पण गेल्या उन्हाळ्यात माझ्या म्हशीच्या दुधाला सलग आठ दिवस फॅट कमी लागलं. संस्थेत विचारलं, तर म्हणाले, चेअरमनना भेटा. भेटलो, काही झालं नाही. ग्रामसभेत विषय काढला, तर अध्यक्षांच्या खुर्चीत तेच. "हा विषय इथला नव्हे" म्हणाले. नियमानं बरोबरच, पण मग गावात मी बोलायचं कुणापुढं? वर गोकुळ या जिल्हा दूध संघाच्या निवडणुकीत संस्थेतर्फे मत द्यायचा ठरावही त्यांच्याच नावावर. एका माणसाकडं एकच पद असावं.

पूरपट्टा:
मला नाही पटत. 2019 च्या पुरात आमच्याकडं दोन्ही पदं एकाकडंच होती, म्हणून संस्थेचा टेम्पो मध्यरात्री बाहेर निघाला. म्हातारी माणसं, वासरं त्यातनंच हलवली. दोन पदांवर दोन गटांची माणसं असती, तर चावी मागण्यातच रात्र गेली असती. लोकांनी दोन्हीकडं निवडून दिलंय, मग अडवायचं कशाला?

कोर्टातला:
आमदार आणि खासदार एकाच वेळी राहता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम 101 मध्येच आहे. कलम 102 सरकारी लाभाच्या पदाचं, म्हणजे असं पद घेतलं तर खासदारकी जाते. 2006 मध्ये जया बच्चन यांची राज्यसभेची खासदारकी त्यावरूनच गेली. पगार घेतला नाही, हा बचावही सुप्रीम कोर्टात टिकला नाही. पण दूध संस्था सरकारी नव्हे, तिथं हे कलम लागत नाही.

शाहूपुरी:
कोल्हापूर शहरात काय झालं बघा. नोव्हेंबर 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं आयुक्तच प्रशासक. प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. गटार तुंबलं तर जाब विचारायला नगरसेवकसुद्धा नव्हता. हे तर निवडून आलेलेही नव्हेत!

करवीरकर:
पूरपट्टा, टेम्पोचं मला मान्य आहे, त्या माणसाचे उपकारच. पण पूर आठवडाभर असतो, दूध रोज दोन वेळा घालायचं असतं. माझी तक्रार नेमकी त्या रोजच्या दुधाची आहे.

पूरपट्टा:
तरी पद काढून घेऊ नये असंच मी म्हणेन. पण तुमची तक्रार ऐकताना त्यांनी खुर्ची सोडून व्हाईस चेअरमनना बसवायला पाहिजे होतं, हे खरं. दूध संस्थांवर देखरेख करणारे सरकारी अधिकारी, म्हणजे सहायक निबंधक (दुग्ध), यांच्याकडं लेखी अर्ज द्या. फॅटच्या पावत्या जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.